निकेल उत्प्रेरक बदलण्यापूर्वी हायड्रोजनीकरण रिअ‍ॅक्टरची तयारी कशी करावी?

उत्पादन अभियंता, कुरकुंभ

नमस्कार. दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत, एका मध्यम आकाराच्या रासायनिक कारखान्यात मी उत्पादन विभागात काम करतो. आमच्याकडे एका सॉल्व्हंटचे हायड्रोजनीकरण करणारा (म्हणजे त्याला हायड्रोजन जोडणारा) स्थिर थराचा रिअ‍ॅक्टर आहे. त्यात अ‍ॅल्युमिना या सच्छिद्र आधारावर बसवलेल्या निकेलचा सुमारे ६ घनमीटर उत्प्रेरक भरलेला असून चालू स्थितीत थराचे तापमान २१० ते २३० अंश सेल्सिअस असते. लागणारा हायड्रोजन आम्ही आवारातच मिथेनॉलपासून तयार करतो. गेल्या काही महिन्यांत रूपांतरण घसरले आहे आणि थराच्या वर-खालच्या दाबातील फरक सुरुवातीच्या दुप्पट झाला आहे, त्यामुळे दिवाळीनंतर बारा दिवसांचा शटडाऊन घेऊन उत्प्रेरक बदलायचे ठरले आहे.

मागच्या वेळी, चार वर्षांपूर्वी, हे काम झाले तेव्हा मी नवखा होतो. रिकाम्या केलेल्या उत्प्रेरकाच्या एका ड्रमचे झाकण नीट बसले नव्हते. मध्यरात्रीच्या सुमारास त्यातून धूर येऊ लागला, ड्रमचा पत्रा बाहेरून लाल झाला आणि तो हलवायला धावलेल्या ठेकेदाराच्या मदतनिसाचा हात भाजला. नोंदवहीत "ड्रममधून धूर, वाळू टाकून विझवला" एवढीच ओळ लिहिली गेली. या वेळी तयारीची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि तो हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

उत्प्रेरक आतच थोड्या हवेने ऑक्सिडाइज करून काढावा की नायट्रोजनखाली तसाच काढावा, हे मला ठरवता येत नाही. नायट्रोजन किती लागेल याचाही अंदाज नाही. भांडार विभाग म्हणतो की सिलिंडर मागवू. ठेकेदाराचे म्हणणे असे की त्याचा माणूस मुखवटा लावून आत उतरेल आणि "दोन तासांचे काम" संपवील. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त संयंत्र प्रमुख, चिंचवड

आपण मदतनिसाच्या हाताचा उल्लेख केला म्हणून तिथूनच सुरुवात करतो. तो ड्रम का पेटला हे समजले की पुढची निम्मी तयारी आपोआप सुचते. क्षपण झालेले, म्हणजे ऑक्सिजन निघून धातुरूपात आलेले निकेल अत्यंत सूक्ष्म कणांच्या रूपात अ‍ॅल्युमिनाच्या छिद्रांमध्ये पसरलेले असते. त्याला हवा लागली की त्याचे ऑक्साइड होते आणि उष्णता बाहेर पडते. ड्रममधल्या ढिगाला ती उष्णता बाहेर टाकता येत नाही. त्यातच छिद्रांमध्ये सॉल्व्हंट उरलेले असेल तर त्याची वाफ होऊन ती पेट घेते. म्हणजे धातू काडीचे काम करतो आणि सॉल्व्हंट सरपणाचे. धातूचा स्वभाव आपण बदलू शकत नाही, पण सरपण मात्र आधीच काढून टाकता येते.

म्हणून पहिली पायरी अशी की कच्च्या मालाचा पुरवठा बंद केल्यावर लगेच तापमान उतरवू नये. थर चालू तापमानावरच ठेवून हायड्रोजनचे अभिसरण सुरू ठेवावे आणि सेपरेटरमध्ये (वायू आणि द्रव वेगळे करणाऱ्या पात्रात) द्रव येणे पूर्ण थांबले, आणि त्यानंतरही काही तास थेंब आला नाही, याची नोंद घेऊन मगच पुढे जावे. माझ्या अनुभवात घाई सर्वांत जास्त इथेच होते, कारण या वेळात उत्पादन निघत नाही आणि दुरुस्तीची मंडळी पाने घेऊन खाली उभी असतात. इथे वाचवलेले सहा तास पुढे ड्रमभोवती रात्र जागून फेडावे लागतात.

दुसरी पायरी आपल्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे, कारण आपला हायड्रोजन मिथेनॉलपासून येतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइडचा अंश असू शकतो. निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड साधारण २०० अंशांखाली एकत्र आले की निकेल कार्बोनिल तयार होऊ शकते. हा पदार्थ ४३ अंशांना उकळतो, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या दुपारीसुद्धा तो वायू होण्याच्या बेतात असतो. अमेरिकेतील ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने आठ तासांच्या पाळीसाठी घातलेली त्याची मर्यादा ०.००१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.००१ भाग) इतकी कमी आहे. सुरुवातीला डोकेदुखी आणि मळमळ होते, माणूस थोड्या वेळाने बरा वाटून घरी जातो आणि फुप्फुसांचा खरा त्रास बारा ते छत्तीस तासांनी उद्भवू शकतो. म्हणून थर २०० अंशांच्या वर असतानाच अभिसरणातला वायू बदलून कार्बन मोनॉक्साइड १० पीपीएमच्या खाली आल्याचे विश्लेषणाने सिद्ध करावे, त्यासाठी मिथेनॉलच्या संचाकडून येणारी वाहिनी तोडावी, आणि मगच थर थंड करायला घ्यावा. हा क्रम उलटला तर नंतर कितीही नायट्रोजन ओतला तरी झालेली चूक निस्तरणे अवघड जाते. उत्प्रेरक पुरवणाऱ्या कंपनीकडून थंड करण्याची लेखी पद्धत मागवा आणि तिच्यात कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दिलेला आहे की नाही हे पाहा.

थंड करताना ताशी २५ ते ३० अंशांपेक्षा जास्त वेग ठेवू नये. रिअ‍ॅक्टरच्या निर्मात्याने याहून कमी वेग सांगितला असेल तर तोच पाळावा. आणखी एक गोष्ट अशी की थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) फक्त आपल्या टोकाजवळचे तापमान सांगते. आपल्या थरात दाबाचा फरक दुप्पट झाला आहे, याचा अर्थ कुठेतरी भुगा किंवा कवच साचले असून तिथून वायू नीट जात नाही, आणि जिथून वायू जात नाही तो भाग थंडही होत नाही. सर्व थर्मोकपल ४० अंशांखाली आल्यावर अभिसरण बंद करून चार तास वाट पाहा. एखादे तापमान परत चढू लागले तर आत उष्ण गाभा शिल्लक आहे असे समजा.

आता नायट्रोजनचा हिशेब. रिअ‍ॅक्टर, उष्णता विनिमयक, सेपरेटर आणि पाइप मिळून २० घनमीटर जागा आहे असे धरू; आपला खरा आकडा आपण घाला. नायट्रोजनने दाब वातावरणाच्या वर ५ बारपर्यंत चढवून पुन्हा वातावरणाच्या दाबापर्यंत सोडला की आतला हायड्रोजन एकषष्ठांश उरतो. असे चार वेळा केले की १,२९६ भागांत एक भाग, म्हणजे सुमारे ०.०८ टक्के उरतो. प्रत्येक वेळी १०० घनमीटर, म्हणजे चार वेळांना ४०० घनमीटर लागतात. मात्र गेज, ड्रेन आणि बायपासच्या बंद टोकांमध्ये हायड्रोजन दडून राहतो, म्हणून दाब सोडताना ती टोकेही क्षणभर उघडावीत. खरा खर्च पुढे आहे. उत्प्रेरक काढताना रिअ‍ॅक्टरमधून सतत ताशी ८० घनमीटर वाहता ठेवला आणि काम ६० तास चालले तर ४,८०० घनमीटर होतात. एकूण ५,२०० झाले. त्यावर निम्मा राखीव धरला की ७,८०० घनमीटर, म्हणजे सुमारे १२,००० लिटर द्रव नायट्रोजन. एका मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर वायू असतो, तेव्हा राखीव सोडला तरी साडेसातशेच्या आसपास सिलिंडर लागतील, आणि ते बदलताना प्रवाह वारंवार खंडित होईल. आपल्या भांडार विभागाला हा आकडा दाखवा. द्रव नायट्रोजनची टाकी आणि व्हेपरायझर (द्रवाचा वायू करणारा संच) भाड्याने घ्या, आणि टँकर आदल्या दिवशीच आवारात येईल असे पाहा, कारण दिवाळीनंतर दौंड भागात गळीत हंगाम सुरू असतो आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे सोलापूर रस्त्यावर किती वेळ जाईल हे कोणी सांगू शकत नाही.

ऑक्सिडेशनबद्दल माझे मत असे की आपल्या संचात ते टाळावे. नायट्रोजनमध्ये अर्धा-एक टक्का हवा सोडून निकेलच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवता येतो, पण वायू सगळीकडे सारखा जात असेल तरच त्याचा भरवसा धरता येतो. शिवाय काढताना गोळ्या फुटल्या की आतला ताजा धातू उघडा पडतो, आणि "हा तर निष्क्रिय केलेला आहे" या समजुतीने माणसे ड्रमची झाकणे उघडी ठेवतात.

सुरक्षा अधिकारी, रांजणगाव

वरील उत्तराला माझी पूर्ण सहमती आहे. मला त्यात नायट्रोजनची दुसरी बाजू जोडायची आहे, कारण या कामात आगीला सगळे भितात आणि नायट्रोजनला कोणीच भीत नाही.

२००५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील डेलावेअर सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात उत्प्रेरक बदलल्यानंतरच्या कामात दोन ठेकेदार कामगार मरण पावले. रिअ‍ॅक्टरच्या माथ्यावरचे २४ इंची तोंड उघडे होते आणि आत नायट्रोजन सुरू होता. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासानुसार आत पडलेली चिकटपट्टीची गुंडाळी काढण्याच्या प्रयत्नात बहुधा पहिला कामगार कोसळला आणि त्याला वाचवायला गेलेला दुसराही गेला. याच मंडळाने १९९२ ते २००२ या काळातील नायट्रोजनमुळे गुदमरण्याच्या ८५ घटना तपासल्या होत्या. त्यांत ८० जणांचा मृत्यू झाला होता. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो शरीरात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. म्हणून शुद्ध नायट्रोजनमध्ये गुदमरल्याची जाणीवच होत नाही आणि एकदोन श्वासांत शुद्ध हरपते. वाकून आत डोकावणे हेसुद्धा आत उतरण्याइतकेच धोक्याचे आहे, आणि तोंडाभोवतीची मोकळी हवासुद्धा नायट्रोजनने भारलेली असू शकते. माथ्यावरच्या तोंडाभोवती पक्का कठडा, मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत ठळक फलक, आणि तिथे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर ऑक्सिजन मोजणारे यंत्र, एवढे तरी असायलाच हवे. फलकावर नुसते "धोका" लिहू नका, "आत नायट्रोजन आहे, डोकावल्यास मृत्यू" असे लिहा. या कामावरची बरीच मुले बिहार-झारखंडमधून आलेली असतात. त्यांना कामाच्या परवान्याचा कागद वाचता येत नाही म्हणून आपण त्यांच्याशी बोलायचे टाळतो, हे मला फार खटकते.

वायू मोजण्याच्या यंत्राबाबत एक चूक मी दोन ठिकाणी प्रत्यक्ष पाहिली आहे. ज्वलनशील वायू मोजणारे नेहमीचे यंत्र आतल्या तापलेल्या मण्यावर वायू जाळून आकडा दाखवते आणि त्या जळण्यासाठी ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनने भरलेल्या रिअ‍ॅक्टरमध्ये ते शून्य दाखवते, मग आत हायड्रोजन कितीही असो. इन्फ्रारेड यंत्र सॉल्व्हंटची वाफ पकडते, पण हायड्रोजन त्याला दिसत नाही. नायट्रोजनमधील हायड्रोजनसाठी उष्णतावाहकतेवर चालणारे यंत्र वापरावे किंवा नमुना प्रयोगशाळेत तपासावा. परवान्यावर "वायू शून्य" असे लिहिण्याआधी तो कोणत्या यंत्राने मोजला हे लिहिण्याची सक्ती करा.

आत माणूस उतरवण्याबाबत कारखाने अधिनियम, १९४८ (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) याच्या कलम ३६ ने घालून दिलेली शिस्त स्पष्ट आहे : सक्षम व्यक्तीने स्वतः तपासणी करून दिलेला लेखी दाखला, किंवा योग्य श्वसनसंच आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती ज्याचे टोक आहे अशा दोराला बांधलेला पट्टा. त्याच्या कलम ३६अ प्रमाणे पुरेशी सुरक्षा-साधने नसतील तर अशा जागेत २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हाती दिवा चालत नसे. आपल्या ठेकेदाराच्या "मुखवट्या"ची नीट चौकशी करा. गाळणीचा मुखवटा नायट्रोजनमध्ये पूर्णपणे निरुपयोगी असतो. अशा कामासाठी डोक्यावरून निसटणार नाही असे कुलूपबंद हेल्मेट, हवेचे दोन स्वतंत्र पुरवठे आणि त्याशिवाय अंगावर सुटकेपुरती बाटली लागते. हे साहित्य आणि तो सराव ठरावीक संस्थांकडेच असतो. आपल्या ठेकेदाराकडे तो नसेल तर माणूस उतरवू नये, मग दोन तासांच्या जागी दोन दिवस लागले तरी चालतील.

उत्प्रेरक भरणी पर्यवेक्षक, भोसरी

साहेब, मी ठेकेदाराच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून आमच्या बाजूनेही काही सांगतो. आम्हाला बहुतेक वेळा काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी बोलावले जाते. रिअ‍ॅक्टरचा नकाशा हाती नसतो आणि मागच्या वेळी खालच्या नोझलमधून किती उत्प्रेरक निघाला हे कोणाला आठवत नसते. ठेकेदाराला निदान तीन आठवडे आधी जागेवर बोलवा.

तळाशी उतरती नोझल (बाहेर काढण्याचे तोंड) असेल तर बहुतांश उत्प्रेरक नायट्रोजनखाली आपल्या वजनाने खाली येतो. आपल्या थरात कवच असण्याची शक्यता आहे, त्यामुळे खालून माल निघून गेल्यावर वरचा भाग कमानीसारखा अधांतरी राहू शकतो. त्याच्या खाली किंवा त्याच्यावर माणूस कधीही पाठवू नका. तो ढासळला की माणूस कमरेपर्यंत नव्हे, डोक्यापर्यंत गाडला जातो. कवच वरून व्हॅक्यूमच्या नळीने, कॅमेऱ्यात बघत, थराथराने उतरवावे. व्हॅक्यूम संचातला वायू बंद वर्तुळात फिरतो आणि त्यात नायट्रोजन भरलेला आहे याची खात्री करून घ्या. साधा व्हॅक्यूम आत हवा खेचतो आणि मग थर आतल्या आत तापतो.

ड्रमचा हिशेब असा : ६ घनमीटर म्हणजे ६,००० लिटर, २०० लिटरच्या ड्रममध्ये १७० लिटरच भरावेत, म्हणजे ३६ ड्रम होतात, आणि आपण ४५ ठेवावेत. ड्रम पत्र्याचे, कोरडे आणि घट्ट कड्याचे असावेत. प्रत्येक ड्रममध्ये भरण्यापूर्वी आणि भरून झाल्यावर नायट्रोजन सोडून लगेच झाकण लावावे. ड्रम एकमेकांना चिकटवून रचू नयेत, दोन रांगांत माणूस फिरेल इतके अंतर ठेवावे आणि पहिले दोन दिवस दर तासाला इन्फ्रारेड थर्मामीटरने पत्र्याचे तापमान घेऊन लिहावे. आसपासच्या हवेपेक्षा १५ अंशांनी गरम असलेला ड्रम वेगळा काढून त्यात पुन्हा नायट्रोजन सोडावा. पेटलेल्या धातूवर थोडे पाणी मारू नये. तापलेल्या धातूशी पाण्याची अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटू शकतो. कोरडी वाळू आधीच पिंपांत भरून जवळ ठेवावी.

उत्पादन अभियंता, कुरकुंभ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. मिथेनॉलच्या संचाच्या नोंदी पाहिल्या. शुद्धीकरणानंतर कार्बन मोनॉक्साइड बहुतेक वेळा १० पीपीएमखाली असतो, पण संच सुरू-बंद होताना तो वर गेल्याच्या नोंदी आहेत आणि मागच्या शटडाऊनमध्ये तो तपासलाच गेला नव्हता. एक शंका राहते. आमच्या व्यवस्थापकांनी सुचवले आहे की रिअ‍ॅक्टर पाण्याने भरून उत्प्रेरक ओलाच काढावा, म्हणजे आगीचा प्रश्नच उरणार नाही. हे योग्य आहे का?

निवृत्त संयंत्र प्रमुख, चिंचवड

पाण्याखाली काढण्याची पद्धत प्रचलित आहे आणि माणूस आत न उतरवण्याच्या दृष्टीने तिचे महत्त्वही आहे. पण आधी तीन गोष्टी तपासा. पाण्याने भरलेल्या रिअ‍ॅक्टरचे वजन त्याचा पाया आणि सांगाडा पेलतो का, हे मूळ नकाशावरून पाहावे; उभा करताना पाण्याची दाबचाचणी जागेवर झाली होती की निर्मात्याच्या कारखान्यात, यावर बरेच अवलंबून असते. थर पूर्ण थंड होण्यापूर्वी पाणी सोडले तर वाफेने दाब चढतो. तिसरे असे की ओला उत्प्रेरक ओला असेपर्यंतच शांत असतो. ड्रममधले पाणी झिरपून गेले किंवा उन्हाने वाळले की तो मूळ स्वभावावर जातो, म्हणजे आग टळत नाही, ती गोदामापर्यंत पुढे ढकलली जाते. शिवाय निकेलचे अंश असलेले पाणी कुठे सोडणार हा प्रश्न उरतोच. माझा कल कोरड्या पद्धतीकडे आहे.

ब्लाइंडबद्दल, म्हणजे वाहिनी पूर्ण बंद करण्यासाठी जोडात घातलेल्या धातूच्या चकतीबद्दल, मघाशी लिहायचे राहिले. केवळ व्हॉल्व्ह बंद करून मॅनहोल उघडू नये. हायड्रोजन, कच्चा माल, फ्लेअर (नको असलेला वायू जाळणारी चिमणी) आणि ड्रेन या प्रत्येक वाहिनीवर क्रमांक घातलेला ब्लाइंड टाका, लाल पेन्सिलीने नकाशावर खूण करा, आणि टाकणाऱ्याची व तपासणाऱ्याची अशा दोन वेगळ्या सह्या घ्या. रिअ‍ॅक्टरमध्ये पुढे हवा खेळवून माणूस पाठवायचा असेल तेव्हा नायट्रोजनची नळी नुसती बंद न करता प्रत्यक्ष सोडवून बाजूला ठेवा. काम संपल्यावर ब्लाइंड काढतानाही तीच यादी उलट क्रमाने वापरावी. विसरलेला ब्लाइंड मी एकदा हायड्रोजन सुरू केल्यावर शोधला आहे आणि ती रात्र मला अजून आठवते.

पर्यावरण विभाग, पिंपरी

वापरलेला निकेल उत्प्रेरक २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतो. तो आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि बाहेर पाठवताना नमुना १० ची वाहतूक पावती लागते. त्यात निकेल असल्याने तो धातू परत मिळवणाऱ्या अधिकृत पुनर्चक्रीकरण केंद्राला विकता येतो; मात्र त्या केंद्राचा आणि आपला, दोघांचाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा परवाना या कचऱ्याचा प्रकार आणि प्रमाण यांसह वैध आहे का ते शटडाऊनच्या आधी पाहा. वाहनचालकाला ड्रम आपोआप तापू शकतात हे लेखी आणि तोंडी सांगणे बंधनकारक समजा. निकेलची संयुगे कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहेत, त्यामुळे नवा उत्प्रेरक चाळताना आणि जुना भरताना उडणाऱ्या धुळीसाठी कापडी रुमाल चालणार नाही. कामगारांचे कपडे तिथेच बदलून धुवावेत, घरी नेऊ देऊ नयेत.

उत्प्रेरक भरणी पर्यवेक्षक, भोसरी

नव्या भरणीचे थोडक्यात. कापडी नळीतून भरताना गोळ्या एक मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडू देऊ नका, प्रत्येक ड्रमचे वजन आणि दर अर्ध्या मीटरला थराची पातळी लिहा. वजन आणि पातळी जुळत नसतील तर तिथेच थांबा. माथ्यावर ताडपत्रीचे छप्पर हवेच. दिवाळीनंतरही अवकाळी पाऊस येतो. स्पायरल गॅस्केट (जोडातली गळती रोखणारे कडे) एकदा दाबले गेले की पुन्हा वापरू नये.

उत्पादन अभियंता, कुरकुंभ

आज व्यवस्थापकांसमोर नायट्रोजनचा हिशेब मांडला. आमची जागा प्रत्यक्षात २६ घनमीटर निघाली. सिलिंडरचा प्रस्ताव मागे घेतला गेला असून द्रव नायट्रोजनच्या टाकीसाठी मागणी नोंदवली आहे. शटडाऊन बाराऐवजी पंधरा दिवसांचा मंजूर झाला. वाढलेले तीन दिवस द्रव निथळण्यासाठी आणि थर थंड करण्यासाठी राखून ठेवले आहेत. ठेकेदाराकडे कुलूपबंद हेल्मेट नाही असे कळले, म्हणून आत माणूस उतरवण्याचा भाग कामाच्या आदेशातून काढला आहे आणि बंद वर्तुळाच्या व्हॅक्यूम संचासाठी वेगळे दरपत्रक मागवले आहे. मागच्या वेळी हात भाजलेला मदतनीस अजून याच परिसरात काम करतो; ड्रमच्या जागेवर तापमान नोंदवण्याच्या कामासाठी मी त्याला बोलावले आहे आणि तो यायला तयार झाला आहे. पुढच्या आठवड्यात ब्लाइंडची यादी पूर्ण होईल, तेव्हा ती इथे मांडतो. कृपया सर्वांनी तपासावी.